सूर्यावरील तंतूंचा स्फोट : ठिणगी नेमकी कशाने पडते?

बोईसर, प्रतिनिधी –

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वीजवाहिन्या आणि पंधरा कोटी किलोमीटर अंतरावरचा सूर्य यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे बोईसर स्थानकातून औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या कामगाराला वाटण्याचे कारण नाही. तरीही तो संबंध आहे. तो रोजचा नाही, फार प्रबळही नाही; पण जेव्हा येतो तेव्हा तो वीज, उपग्रह, बिनतारी संदेशवहन आणि सातपाटीच्या मच्छिमाराच्या बोटीवरील जीपीएस अशा सर्वांना एकाच वेळी स्पर्श करू शकतो. या संबंधाच्या मुळाशी अनेकदा सूर्यावरचा एक काळपट, नागमोडी, वरवर निरुपद्रवी दिसणारा धागा असतो. खगोलशास्त्रज्ञ त्याला 'फिलामेंट', म्हणजे तंतू, म्हणतात. हा तंतू कित्येक दिवस, कधी कधी अनेक आठवडे, एकाच जागी शांत तरंगत राहतो आणि मग काही तासांत उसळून अवकाशात निघून जातो. तो नेमका का उसळतो, हा सौरभौतिकीतील आजही पूर्ण न सुटलेला प्रश्न आहे.

तंतू म्हणजे काय?

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर, म्हणजे दीप्तिगोलावर, सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमान असते. त्याच्या बाहेरचे विरळ आवरण म्हणजे किरीट, अर्थात कॉरोना. त्याचे तापमान मात्र दहा ते वीस लाख अंशांच्या घरात जाते. या तापलेल्या किरिटाच्या पोटात सात ते दहा हजार अंशांचा, म्हणजे तुलनेने थंडगार, आणि भोवतालापेक्षा शंभरेक पट दाट असा विद्युत्भारित वायू लोंबकळत असतो. हाच तंतू. सूर्यबिंबाच्या पार्श्वभूमीवर तो काळा दिसतो, कारण खालून येणारा प्रकाश तो शोषून घेतो. तोच वायू सूर्याच्या कडेवर आला की मागे काळे आकाश असल्याने तांबूस तेजाने झळकतो. तेव्हा त्याला तेजःशृंग किंवा 'प्रॉमिनन्स' म्हणतात. नावे दोन असली तरी वस्तू एकच. फरक केवळ आपण कोठून पाहतो याचा.

या तंतूंची लांबी काही हजार किलोमीटरपासून लाखो किलोमीटरपर्यंत असते. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आकाराची कल्पना येईल. ग्रहणाच्या चष्म्यातून मात्र ते दिसत नाहीत. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचाच प्रकाश आत येऊ देणारी खास दुर्बीण त्यासाठी लागते. साध्या डोळ्यांनी किंवा साध्या दुर्बिणीने सूर्याकडे पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, हे सांगावयास नकोच.

जमखंडी, जेऊर आणि विजयदुर्ग

या तेजःशृंगांचे रहस्य उलगडण्याच्या कामी मराठी मुलखाचा वाटा लहान नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारतावरून गेली. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून तेजःशृंगाकडे पाहिले, तेव्हा त्यांना अखंड रंगपट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्याच दिवशी गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनाही तसेच दिसले. सुट्या तेजस्वी रेषा हे तापलेल्या वायूचे लक्षण असते. तेजःशृंगे म्हणजे ढग नव्हेत, पर्वत नव्हेत, तर झळकणारा वायू आहे, हे त्या दिवशी निश्चित झाले. जान्सेन यांना तर दुसऱ्याच दिवशी उमगले की, वर्णपटदर्शकाच्या साहाय्याने ही शृंगे ग्रहणावाचूनही पाहता येतात.

येथे कोकणात रूढ असलेल्या एका समजाचा उल्लेख करणे भाग आहे. हेलियमचा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून १८६८ साली नॉर्मन लॉकियर यांनी लावला, असे अनेक ठिकाणी छापून येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. लॉकियर १८६८ साली इंग्लंडमध्ये होते आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, त्यांनी तेथूनच तेजःशृंगाच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेचे निरीक्षण केले. विजयदुर्गावर ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्याचे महत्त्व याने उणावत नाही; पण तीस वर्षांचे अंतर पुसून टाकणे इतिहासाला धरून नाही.

त्याच १८९८ च्या ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला होता. पुण्याची ती वेधशाळा १९१२ साली बंद झाली आणि तिची उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे गेली. कोडाईकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. तंतूंचा इतका दीर्घ, सलग नोंदसंग्रह जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

वायू खाली का पडत नाही?

स्फोटाचे कारण शोधण्याआधी उलटा प्रश्न विचारावयास हवा. सूर्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अठ्ठावीस पट असताना हा जड वायू हजारो किलोमीटर उंचीवर टिकतोच कसा? उत्तर आहे चुंबकत्व. सूर्याच्या पृष्ठभागावर उत्तर आणि दक्षिण ध्रुवतेचे प्रदेश शेजारी शेजारी असतात. त्यांना विभागणाऱ्या सीमारेषेच्या नेमके वर तंतू पसरलेला आढळतो. या नियमाला अपवाद जवळजवळ नाही. विद्युत्भारित वायू चुंबकीय रेषा सहजी ओलांडू शकत नाही. त्यामुळे रेषांना जेथे झोळीसारखा खोलगट बाक येतो, तेथे तो वायू साचून राहतो. किपेनहान आणि श्ल्यूटर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५७ साली या आधाराचे पहिले गणिती चित्र मांडले.

नंतरच्या संशोधनातून असे दिसले की, बहुतेक वेळा ही झोळी म्हणजे सुंभाप्रमाणे पीळ घातलेला चुंबकीय रेषांचा दोर असतो. त्या दोरावरून दोन्ही बाजूंना पृष्ठभागात रुतलेल्या कमानी जातात. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होडीवर ताडपत्री टाकून ती दोन्ही बाजूंनी दोऱ्यांनी खुंट्यांना बांधावी, तशी ही रचना असते. आतला दोर वर उसळू पाहतो आणि वरच्या कमानी त्याला दाबून धरतात. जोवर दोन्ही बळे सारखी, तोवर तंतू शांत. पीळ वाढत जातो तशी दोरात ऊर्जा साठत जाते. स्फोटाची सारी शक्ती या साठ्यातून येते. एखाद्या मोठ्या उत्सर्जनात शंभर कोटी टनांच्या आसपास वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने फेकला जातो. ही ऊर्जा एका क्षणात निर्माण होत नाही. ती आधीच जमलेली असते. म्हणून शास्त्रज्ञ दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात : तोल बिघडवणारे निमित्त कोणते आणि एकदा तोल गेल्यावर तंतूला वर रेटणारे बळ कोणते. या दोहोंची गल्लत झाली की चर्चा भरकटते आणि आजवरचे निम्मे वाद या गल्लतीतूनच उपजले आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

निमित्ते अनेक

सर्वांत परिचित निमित्त म्हणजे तंतूच्या शेजारी पृष्ठभागाखालून नवे चुंबकीय क्षेत्र वर येणे. जोन फाइनमन आणि सारा मार्टिन यांनी १९९५ साली शांत प्रदेशातील तंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, सुमारे दोन तृतीयांश स्फोटांच्या आधी जवळपास नवे क्षेत्र उगवलेले होते. मात्र ते केवळ उगवून भागत नाही. त्याची दिशा अशी असावी लागते की जुन्या रेषा तुटून नव्या रेषांशी जोडल्या जातील. दिशा अनुकूल नसेल तर शेजारी कितीही उलथापालथ झाली तरी तंतू ढळत नाही. रेषा तुटून नव्याने जोडल्या जाण्याच्या या क्रियेला 'पुनर्जोडणी' म्हणता येईल. सौरस्फोटांच्या शास्त्रात ती सर्वत्र भेटते.

दुसरे निमित्त याच्या नेमके उलट आहे. सीमारेषेच्या दोन्ही अंगांचे परस्परविरोधी चुंबकीय तुकडे हळूहळू एकमेकांकडे सरकतात, भिडतात आणि परस्परांना नाहीसे करतात. या प्रक्रियेत पायाशी रुतलेल्या लहान कमानी एकेक करून तुटतात व त्यांच्या रेषा वरच्या पीळदार दोराला जाऊन मिळतात. दोर जाड होतो आणि त्याला धरणाऱ्या दोऱ्या कमी होतात. ताडपत्रीच्या एकेका खुंटीची गाठ कोणी सोडत जावे, तसे. 'दावे कापणे' अशा अर्थाचे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ रोनाल्ड मूर व सहकाऱ्यांनी या कल्पनेला दिले आहे.

तिसऱ्या कल्पनेत गाठ खाली सुटत नाही, वर सुटते. स्पायरो अँटिओकॉस व सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेल्या या प्रतिमानानुसार तंतूवरच्या कमानींच्याही वर विरुद्ध दिशेचे आणखी एक क्षेत्र असते. दोहोंच्या सीमेवर पुनर्जोडणी सुरू झाली की वरचे छप्पर बाजूला सरकते आणि आतल्या दोराला वाट मोकळी होते.

या तिन्ही मार्गांत पुनर्जोडणी आहे. पुढच्या दोन मार्गांत मात्र दोर स्वतःच्याच स्वभावाने ढळतो. रबराच्या नळीला पीळ देत गेल्यास एका मर्यादेनंतर ती आपोआप वेटोळे घेते, हा अनुभव सर्वांना आहे. चुंबकीय दोराचेही तसेच होते. सव्वा ते पावणेदोन वेढ्यांच्या पुढे पीळ गेला की तो वाकडा होऊन उसळतो. कडेवरून उसळणारी काही तेजःशृंगे मुरडलेली दिसतात, ती यामुळे. मात्र मुरडून उसळलेला प्रत्येक तंतू सुटून जातोच असे नाही. २७ मे २००२ रोजी एक तंतू असाच मुरडत वर गेला, थबकला आणि त्याचा वायू पुन्हा सूर्यावर कोसळला. वरच्या कमानींची पकड त्याला भेदता आली नव्हती.

ही पकड मोजण्याचे साधन २००६ साली बर्नहार्ड क्लीम आणि टिबोर टोरोक यांनी दिले. विद्युत्प्रवाह वाहणारे कडे मुळातच फैलावू पाहते. बाहेरचे क्षेत्र त्याला रोखते. पण उंचीबरोबर ते क्षीण होत जाते. ते किती झपाट्याने क्षीण होते यावर सारे अवलंबून आहे. उंची दुप्पट होताच पकड जवळपास एक तृतीयांशावर येत असेल, तर तोल गेलाच म्हणून समजावे. त्यानंतर तंतू जितका वर जाईल तितका त्याला रोखणारा हात दुबळा पडतो. माझ्या मते या सर्व विवेचनातली हीच सर्वाधिक उपयोगाची कल्पना आहे. निमित्त कोणतेही असो, शेजारचे नवे क्षेत्र असो वा सुटलेली दावी, त्याने तंतूला या धोक्याच्या उंचीपर्यंत नेऊन पोहोचवले की पुढचे काम आपसूक होते.

कधी निमित्त फार दूरचे असते. १ आणि २ ऑगस्ट २०१० रोजी सूर्याच्या जवळजवळ अर्ध्या भागावर तंतूंचे स्फोट आणि ज्वाला पाठोपाठ घडल्या. नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्वेटरी या यानाच्या नोंदी तपासल्यावर त्या घटना लक्षावधी किलोमीटर लांबीच्या चुंबकीय दुव्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असल्याचे दिसून आले. एका ठिकाणची कमान उघडली आणि दुसऱ्या ठिकाणचे छप्पर हलके झाले. दूरच्या ज्वालेतून निघालेल्या लाटेने तंतू नुसता हेलकावून पुन्हा स्थिर झाल्याची उदाहरणेही आहेत. याखेरीज, तंतूतील वायू एका टोकाने ओघळून गेला तर वजन घटल्याने दोर वर उचलला जाऊ शकतो, असेही काही निरीक्षणांवरून दिसते.

स्फोटापूर्वी बहुधा एक संथ पर्व येते. काही तास, क्वचित दिवसभर, तंतू सेकंदाला जेमतेम काही किलोमीटर वेगाने वर सरकतो, जाडावतो, थरथरतो. मग एकाएकी वेग शेकडो पटींनी वाढतो. पूर्वसूचनेची खरी आशा या संथ पर्वावर आहे. अडचण एवढीच की, सरकू लागलेला प्रत्येक तंतू पुढे उसळत नाही.

डाग नसले तरी वादळ

सौरवादळ म्हटले की सौरडाग आणि ज्वाला आठवतात. तंतूंचे वैशिष्ट्य असे की, जेथे एकही डाग नाही अशा प्रदेशातही ते उसळतात. २९ सप्टेंबर २०१३ च्या स्फोटात मोठ्या ज्वालेचे नावही नव्हते. तरी २ ऑक्टोबरला पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. त्याहून ठळक उदाहरण २१ एप्रिल २०२३ चे. मध्यम दर्जाच्या ज्वालेसह एक तंतू उसळला आणि दोन दिवसांच्या आत, २३ एप्रिलला, पृथ्वीला येऊन भिडला. वादळ अपेक्षेहून तीव्र निघाले. लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी तेव्हा तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला. भारताच्या आकाशात ही दुर्मीळ घटना होय. १० व ११ मे २०२४ च्या महावादळात हानलेचे आकाश पुन्हा तांबडे झाले. ते वादळ मात्र एका मोठ्या, गुंतागुंतीच्या डागसमूहातून आले होते.

तारापूरला काय?

सर्वांत बोलकी नोंद आपल्या जवळचीच आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाने पृथ्वीच्या क्षैतिज चुंबकीय घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट दाखवली. हा घटक आज अलिबागला ३८ हजारांच्या आसपास असतो; म्हणजे घट चार टक्क्यांहून अधिक. जगात इतरत्र उपकरणांच्या पट्ट्या अपुऱ्या पडल्या असताना कुलाब्याची नोंद टिकली. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज त्या वादळाच्या चर्चेत कुलाब्याचे नाव अटळ झाले आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालली, जेणेकरून नोंदीची साखळी तुटू नये. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याला सर्वांत जवळची जुनी चुंबकीय वेधशाळा आजही तीच.

विजेचे म्हणाल तर धोक्याचा मार्ग असा : पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत आणि लांब वाहिन्यांत अत्यंत संथपणे बदलणारा प्रवाह निर्माण होतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या भूजोडणीतून आत शिरतो. पन्नास हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बांधलेला गाभा त्यामुळे संपृक्त होतो, तापतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज याच कारणाने सुमारे नऊ तास गेली. त्याच वादळात अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सेलम अणुवीज केंद्रातील एक मोठा ट्रान्सफॉर्मर निकामी झाला. हानी झाली ती ट्रान्सफॉर्मरची, अणुभट्टीची नव्हे, हे नमूद केले पाहिजे.

तारापूरला १९६९ पासूनच्या १६० मेगावॉटच्या दोन आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभारल्या गेल्या. क्वेबेक चुंबकीय ध्रुवाजवळ आहे. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून केवळ दहा-अकरा अंशांवर. त्यामुळे सामान्य वादळात येथील वाहिन्यांत शिरणारे प्रवाह बरेच कमी असतात. तारापूरवर संकट घोंघावत असल्याचा, मोबाइल बंद ठेवण्याचा सल्ला देणारा निरोप कोणी पाठवला तर तो खुशाल पुसून टाकावा. पण १८५९ सारखे वादळ कमी अक्षांशांनाही सोडत नाही, याचा पुरावा कुलाब्याचीच नोंद देते.

मच्छिमारांचा प्रश्न निराळा आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, सुमारे पंधरा अंशांवर, वातावरणाच्या आयनमंडलात इलेक्ट्रॉनांची दाटी असते. उत्तरेकडील दाटीचा पट्टा गुजरात-मध्य प्रदेशावरून जातो आणि पालघर त्याच्या दक्षिण उतारावर येते. वादळात हा पट्टा सरकतो, कमी-अधिक होतो आणि जीपीएसने दाखवलेल्या स्थानात चूक वाढते. खोल समुद्रात ती खपून जाते. खडकाळ किनाऱ्याशी किंवा रात्री जाळ्याची जागा शोधताना ती भोवू शकते.

किती वेळ मिळतो?

सेकंदाला पाचशे किलोमीटर वेगाच्या ढगाला पृथ्वी गाठण्यास साडेतीन दिवस लागतात. हजार किलोमीटर वेगाच्या ढगाला पावणेदोन. १८५९ चे वादळ मात्र साडेसतरा तासांत आले. तेव्हा स्फोट दिसल्यानंतर हाती एक-दोन दिवस असतात. ढगातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तरच पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची पुनर्जोडणी होऊन वादळ तीव्र होते. ती दिशा खात्रीने कळते, ती ढग पंधरा लाख किलोमीटरवरील एल-१ बिंदूपाशी असलेल्या यानांवर आदळल्यावरच. तेथून पृथ्वीपर्यंत उरतात तीस ते पन्नास मिनिटे. येथे तंतूचा अभ्यास कामी येतो. उसळण्यापूर्वी त्याची वळणे कोणत्या हाताची आहेत हे पाहून दोराच्या पिळाची दिशा बरीचशी ताडता येते. उत्तर गोलार्धातील तंतू बहुधा एका हाताचे, दक्षिणेतील दुसऱ्या हाताचे असतात.

२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेले भारताचे आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडवली असून, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या रेषांतून ती तंतूंची छायाचित्रे घेते. भारतीय ताराभौतिकी संस्थेने बांधलेला 'व्हीईएलसी' हा किरीटदर्शक सूर्याच्या कडेबाहेर उसळलेला वायू पाहतो. उणीव राहते ती एका ठिकाणी. चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी होते ती दीप्तिगोलावर. तंतू तरंगतो त्या उंचीवरचे क्षेत्र अजून बहुतांशी गणिताने अनुमानावे लागते. ताडपत्रीच्या खुंट्या दिसतात. दोऱ्यांचा ताण मात्र अंदाजाने काढावा लागतो. त्यामुळे हा तंतू ढळण्याच्या बेतात आहे एवढे आज सांगता येते. तो मंगळवारी पहाटे उसळेल की आठवडाभर तसाच राहून विरून जाईल, हे सांगता येत नाही.